अर्जात काय लिहावे, कसे लिहावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नोकरीच्या अर्जात आपली शैक्षणिक अर्हता आणि अनुभव कसा मांडावा, याविषयी या सदराकडे सातत्याने पत्रे येतात. त्यांतली बहुतेक पत्रे सरळ खोटे बोलू इच्छिणाऱ्यांची नसतात. जे खरे आहे ते लिहिले तर आपण मागे पडू, अशी भीती त्यांत असते आणि ती भीती समजण्याजोगी आहे. अशी पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. मजकूर थोडक्यात दिला असून, पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा मी दिली, परंतु एक विषय राहिला. घरच्या अडचणींमुळे पुन्हा परीक्षेला बसता आले नाही आणि मिळाली ती नोकरी धरली. आता माझ्याकडे चांगला अनुभव आहे. नव्या ठिकाणी अर्ज करताना सहकारी सांगतात की, ‘पदवीधर’ असे लिहून मोकळा हो, एका विषयासाठी कोण विचारायला बसले आहे? मी काय करावे?

‘पदवीधर’ असे लिहू नका. आपण किती शिकलात याचा हा प्रश्न नाही. तीन वर्षांचे शिक्षण आपण घेतले आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. मात्र पदवी ही विद्यापीठाने प्रदान करण्याची गोष्ट आहे, आणि ती एक तर प्रदान झालेली असते किंवा झालेली नसते. अर्ज वाचणारा माणूस ‘पदवीधर’ हा शब्द वाचून विद्यापीठाने तसा निर्णय दिला आहे असे गृहीत धरतो, आणि आपल्या बाबतीत तो निर्णय झालेला नाही.

‘कोण विचारायला बसले आहे’ हे तर बिलकुल खरे नाही. मोठ्या आस्थापना आता पडताळणीचे काम त्यासाठीच असलेल्या संस्थांकडे सोपवतात. या संस्था उमेदवाराची लेखी संमती घेऊन थेट विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला विचारतात. नाव, आसन क्रमांक, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि पदवीचे नेमके नाव एवढ्याच गोष्टी त्यांना जुळवून पाहायच्या असतात. हे उत्तर अनेकदा नेमणूक झाल्यावर, काही आठवड्यांनी येते. तोवर उमेदवाराने आधीची नोकरी सोडलेली असते.

पडताळणी वरवरची झाली म्हणून धोका टळतो असेही नाही. २०१२ च्या जानेवारीत याहू या कंपनीचे मुख्याधिकारी म्हणून स्कॉट थॉम्पसन यांची नेमणूक झाली. त्यांच्या अधिकृत परिचयात लेखाशास्त्र आणि संगणकशास्त्र अशा दोन विषयांतील पदवीचा उल्लेख होता. प्रत्यक्षात त्यांच्या महाविद्यालयाने त्यांना फक्त लेखाशास्त्राची पदवी दिली होती. एका भागधारक संस्थेने ही तफावत उघड केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना पद सोडावे लागले. त्याआधी ते पेपॅल या कंपनीचे अध्यक्ष होते. म्हणजे कर्तृत्वाची कमतरता मुळीच नव्हती. त्या दुसऱ्या विषयाची त्यांना गरज तरी काय होती, हा प्रश्न मला आजही पडतो.

आता लिहावे काय, ते पाहू. आपल्या माहितीपत्रकात (बायोडेटात) शिक्षणाच्या रकान्यात अशी ओळ असू द्या : ‘वाणिज्य शाखेचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, एक विषय वगळता सर्व विषयांत उत्तीर्ण, पदवी अद्याप प्राप्त नाही.’ त्याखाली अभ्यासक्रमाची वर्षे लिहा. ‘अद्याप प्राप्त नाही’ हे शब्द लिहिताना हात अडखळेल, तरीही ते वगळू नका. ते वगळून केवळ अभ्यासक्रमाचे नाव आणि वर्षे लिहिली, तर घाईने वाचणारा माणूस पदवी मिळाली असेच समजेल आणि तसे समजू देण्याची जबाबदारी आपल्यावरच येईल. ज्यांनी परीक्षा दिली आहे पण निकाल लागायचा आहे, त्यांनी ‘निकालाच्या प्रतीक्षेत’ असे लिहून परीक्षेचा महिनाही नमूद करावा.

ऑनलाइन अर्जात अडचण वेगळी असते. तिथे ‘बारावी’, ‘पदवी’, ‘पदव्युत्तर’ अशा ठरावीक पर्यायांतून एक निवडावाच लागतो आणि ‘पदवी अपूर्ण’ असा पर्याय नसतो. अशा वेळी पूर्ण झालेली सर्वांत वरची पातळी निवडावी, आणि उरलेले अतिरिक्त माहितीच्या चौकटीत किंवा सोबतच्या पत्रात लिहावे. जाहिरातीत पदवी ही अनिवार्य अट असेल, तर अर्ज करण्यापूर्वी एक छोटा ई-मेल पाठवून ‘पदवीऐवजी अनुभव ग्राह्य धरता का?’ असे विचारून घ्यावे. पुष्कळ खासगी कंपन्या अनुभवी माणसासाठी ही अट शिथिल करतात. जिथे करत नाहीत तिथे आपला वेळ वाचतो.

आणि शक्य असेल तर तो एक विषय देऊन टाका. विद्यापीठाच्या नियमांत अजून संधी शिल्लक आहे का, याची चौकशी याच आठवड्यात करा. अशा संधींना बहुतेक ठिकाणी कालमर्यादा असते आणि ती उलटून गेल्यावर अभ्यासक्रमच बदललेला असतो.

प्रश्न : आमच्या सात जणांच्या गटाने एक मोठी संगणकप्रणाली उभी केली. गटप्रमुख मी नव्हते, पण ते रजेवर असताना दोन महिने सारे काम माझ्याकडे होते. माझ्या माहितीपत्रकात ‘प्रकल्पाचे नेतृत्व केले’ असे लिहिणे योग्य ठरेल का?

तेवढेच वाक्य लिहिले तर ते योग्य ठरणार नाही. परंतु आपल्याजवळ त्याहून चांगले वाक्य आहे आणि ते आपल्याला दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिले : ‘संगणकप्रणालीच्या उभारणीचे नेतृत्व केले.’ दुसरे : ‘सात जणांच्या गटात सदस्य, विदासंचाची (डेटाबेसची) रचना आणि चाचणीची जबाबदारी, गटप्रमुख रजेवर असताना दोन महिने कामाची आखणी, आढावा आणि ग्राहकाशी बोलणी सांभाळली.’ (कामाचे तपशील मी कल्पनेने घातले आहेत, तिथे आपले खरे तपशील येतील.) पहिले वाक्य शेकडो अर्जांत असते आणि वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा काहीच ठसा उमटत नाही. दुसऱ्या वाक्यातून अधिकार हाती नसताना जबाबदारी पेलणारी एक विशिष्ट व्यक्ती दिसते. वरिष्ठांनी आपल्यावर विश्वास टाकला हेही त्यातून कळते, आणि ‘मी विश्वासार्ह आहे’ असे वेगळे लिहावे लागत नाही.

मुलाखतीत या वाक्यांचे काय होते तेही लक्षात घ्या. नेतृत्वाचा दावा वाचल्यावर अनुभवी मुलाखतकार विचारतो : प्रकल्पाचा खर्च किती ठरवला होता, वेळापत्रक कुठे घसरले, गटातल्या कोणाला काम जमत नव्हते आणि तुम्ही काय केले? हे निर्णय आपण घेतलेले नसतील तर तिसऱ्या प्रश्नाला उत्तर संपते. मग जे काम आपण खरोखर उत्तम केले, त्याविषयी बोलण्याची संधीच येत नाही. हे नुकसान पकडले जाण्याच्या नुकसानाइतकेच मोठे आहे, पण त्याचा विचार फारसा कोणी करत नाही.

‘आम्ही’ आणि ‘मी’ यांत गल्लत नको, हे खरे. पण त्याच्या उलट टोकाला जाऊन सगळेच ‘आम्ही’ लिहिण्याची सवयही मला चुकीची वाटते, आणि पहिलीच नोकरी शोधणारे तसे पुष्कळ लिहितात. गटाने काय साधले ते गटाच्या नावे लिहा, त्यात आपला वाटा कोणता ते स्वतःच्या नावे लिहा. पदनाम मात्र नियुक्तिपत्रात किंवा अनुभवपत्रात आहे तेच ठेवा. प्रत्यक्ष काम हुद्द्यापेक्षा मोठे असेल तर ते पदनामाखालच्या ओळीत सांगता येते.

प्रश्न : माझ्याकडे पीएच.डी. आहे, परंतु माझ्या विषयातल्या जागा निघतच नाहीत. आता मी साध्या लेखनिकाच्या पदांसाठी अर्ज करतो. पीएच.डी. पाहूनच मला नाकारतात, असा अनुभव आहे. ती लिहिलीच नाही तर तो अप्रामाणिकपणा ठरेल का?

आपला प्रश्न या पाचांत सर्वांत अवघड आहे आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही.

माहितीपत्रक आणि अर्जाचा नमुना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथून सुरुवात करू. माहितीपत्रक आपण तयार करतो. त्या पदासाठी कोणती माहिती उपयोगाची आहे हे ठरवण्याचा अधिकार आपला असतो आणि सगळेच लिहिण्याचे बंधन नसते. वीस वर्षांपूर्वीची उन्हाळी सुट्टीतली नोकरी कोणी लिहीत नाही, म्हणून त्याला लपवाछपवी म्हणत नाहीत. अशा माहितीपत्रकात पदाशी संबंधित शिक्षण एवढेच शीर्षक देऊन पीएच.डी. गाळणे मला आक्षेपार्ह वाटत नाही.

अर्जाच्या नमुन्याचे तसे नाही. ‘सर्व शैक्षणिक अर्हता नमूद करा’ असा रकाना असेल आणि शेवटी ‘वरील माहिती खरी व पूर्ण असून मी काहीही दडवून ठेवलेले नाही’ अशा घोषणेखाली सही करायची असेल, तर गाळलेली पदवी हे असत्य कथन होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमके असे प्रकरण आले होते. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई पदाच्या जाहिरातीत उमेदवार पदवीधर नसावा अशी अट होती. एका उमेदवाराने आपण पदवीधर असल्याचे दडवून अर्ज केला. बँकेने त्याची उमेदवारी रद्द केली, उच्च न्यायालयाने उमेदवाराच्या बाजूने निर्णय दिला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून बँकेची कृती योग्य ठरवली. अधिक शिकलेल्या माणसाला शिपायाची नोकरी हवी असणे यात गैर काही नाही, आणि तो निकाल वाचताना उमेदवाराविषयी सहानुभूतीही वाटते. परंतु अटीला आव्हान देणे हा एक मार्ग होता आणि पदवी दडवून अर्ज करणे हा दुसरा. त्याने दुसरा निवडला, आणि तोच त्याच्या विरोधात गेला.

पीएच.डी. गाळल्यावर मधली चार-पाच वर्षे रिकामी दिसू लागतात, ही दुसरी अडचण. मुलाखतीत ‘या काळात काय करत होता?’ हा प्रश्न येणारच, आणि तिथे बनावट उत्तर दिलेत की माहितीपत्रकातले न्याय्य मौन उघड असत्यात बदलते. म्हणून त्या वर्षांसाठी ‘संशोधन कार्य’ असे लिहून ठेवावे आणि विचारल्यास पदवीसह सारे सांगावे, हे मला सर्वांत सुरक्षित आणि सचोटीचे वाटते.

तरीही माझा कल पीएच.डी. लिहिण्याकडेच आहे. नाकारणाऱ्याला पदवीची भीती वाटत नसते. हा माणूस तीन महिन्यांत सोडून जाईल, याची भीती वाटते. ती भीती सोबतच्या पत्रात दोन वाक्यांत दूर करता येते. आपल्याला स्थिर नोकरी का हवी आहे, ठरावीक वेळेचे काम का चालेल आणि किमान किती काळ थांबण्याची तयारी आहे, हे मनापासून लिहा. सगळीकडे उपयोग होणार नाही, काही ठिकाणी होईल. जिथे होईल तिथे आपल्याला रोज काही लपवत काम करावे लागणार नाही.

प्रश्न : भाषा आणि प्रमाणपत्रे यांच्या बाबतीत किती काटेकोर असावे? ‘जर्मन उत्तम’ असे सगळेच लिहितात.

पूर्ण काटेकोर असावे, आणि हे काम सोपे आहे. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संघटनेने २००१ मध्ये भाषाज्ञानाची सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. ए१ ही प्रारंभिक पातळी आणि सी२ ही सर्वांत वरची. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश यांच्या मान्यताप्राप्त परीक्षा याच पातळ्यांवर होतात. ‘जर्मन : बी१, परीक्षा उत्तीर्ण’ असे लिहिले की वाचणाऱ्याला कळते की हा माणूस दैनंदिन व्यवहार सांभाळील, करारपत्राचा मसुदा मात्र त्याच्याकडे देऊ नये. परीक्षा दिलेली नसेल तर ‘स्वतःच्या अंदाजाने बी१’ असे लिहावे. वाचता येते पण बोलता येत नाही, हेही मोकळेपणाने लिहावे. अनेक कामांना तेवढे पुरते.

प्रमाणपत्रांची मुदत तपासा. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षेच ग्राह्य धरले जातात. प्रकल्प व्यवस्थापनाचे पीएमपी प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते. मुदत संपलेली असेल तर ‘मुदत समाप्त’ असे वर्षासह लिहावे. ऑनलाइन अभ्यासक्रमाची केवळ व्याख्याने ऐकली असतील तर ‘अभ्यासक्रम ऐकला’ एवढेच लिहावे, कारण मूल्यमापन होऊन मिळालेले प्रमाणपत्र वेगळे. ५९.६ टक्क्यांचे ६० करू नयेत. श्रेयांक सरासरीचे (सीजीपीएचे) टक्क्यांत रूपांतर करायचे असेल तर आपल्या विद्यापीठाचेच सूत्र वापरावे आणि मूळ आकडाही शेजारी द्यावा.

प्रश्न : नोकरीला लागताना मी एका पदविकेचा खोटा उल्लेख केला होता. त्याला बरीच वर्षे झाली. माझ्या कामाविषयी कधीही तक्रार आली नाही, दोनदा बढती मिळाली. आता आणखी वरच्या पदासाठी माझे नाव चर्चेत आहे आणि मला झोप लागत नाही. काही न बोलता पुढे जावे का?

आपण हे लिहिलेत, यावरूनच आपल्याला उत्तर ठाऊक आहे असे दिसते. तरीही त्या उत्तराची किंमत किती आणि ती कशी चुकवावी, हे सांगणे माझे काम आहे.

आपल्यासारखी परिस्थिती ओढवलेल्या दोन व्यक्तींची उदाहरणे सार्वजनिक नोंदींत आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत मॅरिली जोन्स १९७९ मध्ये कनिष्ठ जागेवर लागल्या आणि पुढे प्रवेश विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या पदावर त्यांनी मोठा लौकिक मिळवला. त्यांनी सांगितलेल्या पदव्या त्यांच्याकडे नसल्याचे २००७ मध्ये उघड झाले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पहिल्या जागेसाठी पदवीची अट बहुधा नव्हतीच, असे नंतर संस्थेकडून सांगण्यात आले. त्यांच्याकडे दुसऱ्या एका महाविद्यालयाची खरी पदवी होती, हेही पुढे समोर आले. राजीनाम्याच्या वेळच्या निवेदनात त्यांनी लिहिले होते की, पदासाठी अर्ज करताना आणि नंतरही ते दुरुस्त करण्याचे धैर्य झाले नाही. अठ्ठावीस वर्षांत ते धैर्य होण्याची वेळ आली नाही, हे मला फार क्लेशकारक वाटते.

दुसरे प्रकरण इंग्लंडमधले. अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेच्या (हॉस्पिसच्या) मुख्याधिकाऱ्याने २००४ मध्ये पदव्या आणि अनुभव यांविषयी खोटी माहिती देऊन ते पद मिळवले. त्याचे काम चांगले होते आणि वार्षिक मूल्यमापनांत त्याची प्रशंसाही झाली. २०१७ मध्ये त्याला दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. त्यानंतर त्याने मिळवलेला पगार परत घ्यावा का, हा वाद थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने मध्यम मार्ग काढला. त्याने प्रत्यक्ष काम केले होते, त्यामुळे सगळा पगार काढून घेणे अन्यायाचे. पण खोटे न बोलता त्याला जे मिळाले असते आणि प्रत्यक्षात जे मिळाले, यांतला फरक हा लबाडीचा लाभ, असे न्यायालयाचे तर्कशास्त्र होते. ‘काम चांगले केले’ या बचावाला न्यायालयाने कितपत वजन दिले, हे आपण त्यातून पाहावे : थोडे दिले, पुरेसे दिले नाही.

आपल्यापुढे तीन प्रश्न आहेत आणि ते या क्रमाने सोडवावेत. त्या पदविकेवर कोणाची सुरक्षितता अवलंबून आहे का? वैद्यकीय, विद्युत, बांधकाम किंवा तत्सम परवान्याचे काम असेल तर विलंब न लावता ते काम थांबवा, कारण तिथे आपल्या नोकरीपेक्षा इतरांचा जीव मोठा आहे. तसे नसेल तर दुसरा प्रश्न : कायद्याच्या दृष्टीने परिणाम काय होतील? यासाठी कोणाशीही बोलण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्या. त्या वेळी भरलेला अर्ज, त्यावरची घोषणा आणि नियुक्तिपत्र यांच्या प्रती सोबत न्या. सरकारी आणि खासगी सेवेत परिणाम फार वेगळे असतात आणि ते मी या सदरातून सांगू नये.

तिसरा प्रश्न कबुलीचा. ती बढतीच्या निर्णयाआधी द्यावी, नंतर नव्हे. निर्णयाआधी सांगितले तर आपण एक जुनी गोष्ट दुरुस्त करत असता. बढती स्वीकारून सांगितले तर त्याच खोट्याचा दुसऱ्यांदा लाभ घेतलेला असतो, आणि वरिष्ठांच्या नजरेत या दोहोंत मोठे अंतर आहे. वकिलाच्या सल्ल्याने छोटे लेखी पत्र द्यावे. कोणती नोंद खोटी आहे, खरी अर्हता कोणती आहे आणि बढतीचा विचार खऱ्या माहितीवर व्हावा ही विनंती, एवढेच त्यात असावे. त्या वेळच्या आर्थिक ओढाताणीची कहाणी पत्रात नको. विचारतील तेव्हा सांगावी. आपली आजवरची मूल्यमापने मात्र जोडावीत, कारण ती खरी आहेत.

नोकरी जाऊ शकते. नोकरी जाणारच नाही, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. म्हणून पत्र देण्याआधी काही महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज करा आणि घरातल्या निदान एका व्यक्तीला विश्वासात घ्या. ती पदविका आज नव्याने पूर्ण करता येत असेल तर प्रवेश घ्या आणि प्रवेशाची पावती पत्राला जोडा. काही संस्था अशा वेळी बढती रोखून नोकरी कायम ठेवतात. तसे झाले, तर नव्या माहितीपत्रकात पदविकेपुढे ‘अभ्यासक्रम सुरू’ असे लिहा.